सवेलीच्या होडीतल्या चाळीस खुंट्या

मी, प्रोकोपी तिमोफेयेविच रिमिन, वय वर्षे बहात्तर, समाज खांती, धंदा शिकार, मासेमारी व होड्या करणे, राहणार न्योख-पुगोल, न्योख-योगन नदीकाठ, पश्चिम सायबेरिया, हे मृत्युपत्र पुऱ्या शुद्धीत आणि दिवसाउजेडी करीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे याची खात्री गावच्या कार्यालयातल्या लुकेर्याने मला आजचा वार, गेल्या वर्षी नदीचा बर्फ फुटल्याची तारीख आणि माझ्या कुत्र्याचे नाव विचारून करून घेतली. तिन्ही उत्तरे बरोबर आली. छातीत गाठ आहे, ती शहरातल्या डॉक्टरांनी पाहिली आहे. पुढच्या वसंतात बदके परत येताना मी पाहीन की नाही, असे मी त्यांना विचारले, तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकील असे घरात कोणी उरलेलेही नाही.

यापूर्वी मी कोणताही असा कागद केलेला नाही. लुकेर्या सांगते की कलमे पाडून लिहा, म्हणजे पुढे वाद होत नाहीत. म्हणून कलमे पाडतो.

कलम पहिले. घर व कोठार. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस नदी, पश्चिमेस दलदल, उत्तरेस तीन देवदार, आणि दक्षिणेस नेस्तोर कुपलान्देयेव याचे कुंपण, जे दर वर्षी बर्फ वितळला की माझ्या बाजूला एक पाऊल सरकलेले सापडते. नेस्तोर म्हणतो, जमीनच सरकते. असेल. हे घर आणि मागचे चार पायांवरचे कोठार मी गावाला देतो. नदीच्या वरच्या अंगाला शिकारीला जाणाऱ्यांनी तिथे उतरावे, चूल पेटवावी, आणि जाताना पुढच्या माणसासाठी फोडलेली लाकडे ठेवावीत. उत्तरेची भिंत कुजत चालली आहे, तिच्याकडे कोणीतरी बघावे. माझी मुलगी अन्फिसा हिच्या नावे घर करीत नाही, कारण या घरात पुन्हा राहणार नाही असे ती एकोणिसाव्या वर्षी दारात उभी राहून सांगून गेली, आणि तिने शब्द पाळला आहे.

कलम दुसरे. मोटर, जाळी व कुत्रा. होडीची मोटर नेस्तोरला द्यावी. ती सहा झटक्यांना दाद देत नाही, सातव्याला शिवी घातली की चालू होते, आणि नेस्तोरकडे शिव्यांचा तुटवडा नाही. जाळीही त्यालाच. सेरको हा कुत्राही त्यालाच, कारण तो अर्धा दिवस त्याच्याच दारात पडलेला असतो आणि मला हे कळत नाही असे त्या दोघांना वाटते. पन्नास वर्षे आम्ही एकमेकांच्या होड्यांना नावे ठेवीत आलो. मी म्हणायचो, त्याची होडी म्हणजे ओंडका तो ओंडकाच. तो माझ्या होड्यांना अंड्याची टरफले म्हणायचा. या वादात कोण बरोबर होते ते पुढे चौथ्या कलमात येईल, आणि ते नेस्तोरने टोपी काढून वाचावे.

कलम तिसरे. होडी व हत्यारे. दोन वाकस, म्हणजे लाकूड कोरायच्या आडव्या पात्याच्या कुऱ्हाडी, एक गिरमिट, तीन पटाश्या, वल्हे, आणि नऊ वर्षांपूर्वी केलेली अस्पेन झाडाच्या अखंड खोडातून कोरलेली माझी शेवटची होडी, हे सर्व मी अन्फिसाला देतो. आमच्या समाजात हे कोणी ऐकले तर हसतील. आमच्यात माणूस गेला की त्याची होडी मधोमध कापतात. खालच्या अर्ध्या भागात त्याला निजवतात आणि वरचा अर्धा झाकण म्हणून बसवतात. त्यामुळे शिकाऱ्याची शेवटची होडी कधी कोणाला वारशाने मिळत नाही, मुलीला तर नाहीच. तरी माझी होडी कापू नये. ती अन्फिसाची आहे. तिने तिच्यात बसावे, तिच्यावरून हव्या त्या बाजूने पाय टाकून जावे, मन मानेल तिथे न्यावी. मग मला कशात निजवायचे, हा प्रश्न येतो.

कलम चौथे. मला माझा मुलगा सवेली याच्या होडीत निजवावे. ती कोठारामागे एकतीस वर्षे पालथी पडली आहे. तिला करवत लावाल तेव्हा गावातल्या सगळ्या शिकाऱ्यांना जवळ बोलवा, आणि कापलेल्या कडेला प्रत्येकाने आपली करंगळी लावून पाहावी. करंगळी कडेच्या बाहेर येईल. ती का येईल ते मी आता लिहितो. मृत्युपत्रात याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण मी मागे जे काही सोडून जातो आहे त्यातली सगळ्यात मोठी वस्तू हीच आहे.

सवेली १९७७ साली एकोणीस वर्षांचा होता. शिकारीला जाणाऱ्याने आपली होडी आपणच करायची, ही आमची रीत. त्याने जंगलात तीन दिवस फिरून, खोडांवर उलटी कुऱ्हाड ठोकून आवाज ऐकत आपले अस्पेन शोधले. हिवाळ्यात पाडले, बर्फावरून ओढून आणले. जूनमध्ये बाहेरून तासले आणि मग खुंट्यांची वेळ आली. होडी आतून कोरताना तिची भिंत किती जाड राहिली हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून बाहेरून छिद्रे पाडून त्यांत टोक जाळून काळी केलेल्या बारीक खुंट्या ठोकायच्या. मग आतून कोरत यायचे, आणि काळे टोक दिसले की तिथे थांबायचे. खुंटी जेवढी लांब तेवढी होडी जाड. आणि खुंटीची लांबी म्हणजे ज्याची होडी त्याच्या करंगळीची रुंदी. दुसऱ्या कोणाची करंगळी चालत नाही. बापाचीही चालत नाही.

सवेलीचे हात त्याच्या आईकडच्यांसारखे, रुंद. त्याने चाळीस खुंट्या कापल्या आणि काठावर मांडून ठेवल्या. नेस्तोर तिथून चालला होता. त्याने वाकून एक खुंटी उचलली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "प्रोकोपी, तुझ्या पोराची होडी माझ्या घराण्यातली होणार बघ. बरं वाटलं." सगळे हसले. सवेलीही हसला. मला ते लागले. चाळिशीत होतो, नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्यासारखी हलकी होडी कोणी करीत नाही असे लोक म्हणत, आणि मी ते खरे मानून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी सवेलीला म्हणालो, तू जाळी बघून ये, खुंट्या मी ठोकून ठेवतो. त्याला आनंद झाला. मी शेकोटीजवळ बसलो आणि प्रत्येक खुंटीच्या टोकाचे जवाच्या दाण्याच्या जाडीइतके लाकूड चाकूने काढले. टोके पुन्हा जाळून काळी केली. मग बाहेरून लाकडाशी सपाट ठोकून टाकल्या. एकदा ठोकली की खुंटी केवढी आहे हे कोणाला दिसत नाही. फार घेतले नव्हते. पण चाळीसच्या चाळीस खुंट्यांचे घेतले होते.

तो नऊ दिवस कोरत होता. काळे टोक दिसले की थांबत होता. कुठेही एक घाव जास्त नाही, कुठेही घाई नाही. सवेलीने त्या होडीत एकही चूक केलेली नाही, हे मी इथे लिहून ठेवतो.

मग होडी उलगडायचा दिवस आला. आत पाणी भरून, दोन्ही बाजूंना जाळ करून, लाकूड मऊ झाले की आडव्या काठ्या घालीत तिचे पोट रुंद करायचे. नाकाकडचा जाळ अचानक वर आला आणि कड जळू लागली. मी ओरडलो, पाणी आण, पाणी. अन्फिसा अकरा वर्षांची होती, बादली घेऊन पलीकडच्या बाजूला उभी होती. ती होडीच्या नाकावरून उडी मारून आली आणि तिने पाणी ओतले. बाईमाणसाने पुरुषाच्या शिकारीच्या होडीवरून पाऊल टाकू नये, हे तिला माहीत होते. पण मी ओरडलो होतो आणि जवळचा रस्ता तोच होता. होडी वाचली. माझी बायको फ्योक्ला हिने विटाळ जावा म्हणून भूर्जावरच्या बुरशीचा धूर होडीभोवती फिरवला, अन्फिसाला दोन शब्द सुनावले, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.

होडी पाण्यात घातली त्या दिवशी सवेलीने ती एका हाताने उचलली. म्हणाला, "बाबा, माझी होडी तुमच्यासारखी झाली." नेस्तोरने ती पाहिली आणि आपल्या वाटेने निघून गेला. तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता, हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे.

ऑक्टोबरमध्ये मोठ्या तळ्यावर शेवटची बदके उतरली होती. सकाळी पाण्यावर नखाएवढ्या जाडीचा बर्फ धरला होता. असा बर्फ फोडीत गेले की तो होडीला पाण्याच्या रेघेवर करवतीसारखा घासत जातो. करंगळीएवढ्या जाडीच्या होडीने तो दोन-तीन तास फोडता येतो, सगळे शिकारी फोडतात. मी कधी फोडीत नसे. माझी होडी किती पातळ आहे ते मला माहीत होते, म्हणून बर्फ दिसला की मी घरी बसत असे आणि कंबर दुखते म्हणून सांगत असे.

मी सवेलीला म्हणालो, बर्फ आहे, आज राहू दे. तो होडीत बंदूक बांधत होता. म्हणाला, "करंगळीएवढी जाड आहे बाबा, काय होतंय?"

तेव्हा एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, कडेकडेने जा.

तिसऱ्या दिवशी होडी सापडली. आत पाणी, बांधलेली बंदूक आणि अकरा बदके. पाण्याच्या रेघेवर हातभर लांब चीर. सवेली सापडला नाही. तळ्याचा तळ चिखलाचा आहे. पाणी गोठून बंद होईपर्यंत आम्ही गळ ओढीत राहिलो. माणसे जमली तेव्हा नेस्तोरने मला विचारले, भिंत केवढी होती. मी म्हणालो, खुंट्या त्याच्याच करंगळीच्या होत्या. मग मीच होडी ओढत नेऊन कोठारामागे पालथी घातली आणि सांगितले, हिला कोणी हात लावायचा नाही. लोकांना वाटले, बापाचे दुःख आहे. तेही होते.

मग फ्योक्लाला जूनमधली ती उडी आठवली. तिने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवले. आलेल्या बायकांनी माना हलवल्या. मी तिथेच बसलो होतो, हातात चहाचा पेला होता. मी बोललो नाही.

अन्फिसा शाळेच्या वसतिगृहात होती. नवीन वर्षाच्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिची आई दारात उभी होती. फ्योक्ला तिला म्हणाली, "तू तुझ्या भावाला ओलांडलंस." त्यापुढे चोवीस वर्षे, मरेपर्यंत, फ्योक्लाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. पोर आपली वेणी आपणच घालायला शिकली. आम्ही दोघे होडीने रानफळे गोळा करायला जायचो तेव्हा ती काठाकाठाने दलदलीतून चालत यायची, कारण तिला होडीत घ्यायचे नाही असे ठरले होते. ठरवले फ्योक्लाने, पण वल्हे माझ्या हातात होते. पंधराव्या वर्षी, मी वाकस चालवीत असताना, ती मला गाठून म्हणाली, "बाबा, मला होडी करायला शिकवा. माझी मी एकटी बसेन." मी तिच्या आईचेच शब्द उच्चारले. तू होडीपासून लांब राहा, म्हणालो. तिने हातातली राळेची वाटी खाली ठेवली आणि आत गेली.

आता ती शहरात पावाच्या भट्टीत काम करते. नवीन वर्षाला फोन करते. ती माझ्या तब्येतीचे विचारते, मी तिकडच्या थंडीचे.

अन्फिसाचा काही दोष नव्हता. हे वाक्य लुकेर्याने मोठ्या अक्षरांत टाइप करावे. दोष माझा होता आणि तो मी चाकूने केला.

कलम पाचवे. हा कागद माझ्या दफनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर वाचावा.

येथपर्यंतचा मजकूर ३ मार्च रोजी झाला. पुढचा नंतर जोडला आहे, त्याचे कारण असे की पाचवे कलम टाइप करून लुकेर्याने यंत्रावरचे हात काढले आणि मला विचारले, "काका, हे तुम्ही गेल्यावर मी अन्फिसाताईंना वाचून दाखवायचं?"

मी हो म्हणालो.

"मग त्यांनी भांडायचं कुणाशी? माझ्याशी?"

मी घरी गेलो. तीन दिवस फोनकडे पाहिले. चौथ्या दिवशी तिला सांगितले की कागद करतो आहे, तुला यावे लागेल. ती ११ मार्चला बर्फावरच्या रस्त्याने पाव आणणाऱ्या गाडीतून आली. केस पांढरे व्हायला लागले आहेत, हे मला माहीत नव्हते. कार्यालयात नेस्तोर होता, लुकेर्या होती. मी हा मजकूर पहिल्यापासून वाचला. चौथ्या कलमाला नेस्तोरने खरेच टोपी काढली.

वाचून झाल्यावर अन्फिसा म्हणाली, होडी दाखवा. कोठारामागचा बर्फ नेस्तोरने फावड्याने काढला, दोघांनी होडी सुलटी केली. तिने हातमोजा काढला आणि चिरेच्या कडेला करंगळी लावली. करंगळी कडेच्या बाहेर आली. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "आई होती तोवर का नाही सांगितलंत?"

मी खरे तेच सांगितले. "ती मला सोडून गेली असती."

"मला गेली सोडून, बाबा. त्याच घरात राहून."

नेस्तोर तिथून दूर जाऊन उभा राहिला. मी म्हणालो, मला क्षमा कर. त्यावर ती काही बोलली नाही, आणि ती बोलली असे या कागदात कोणी पुढे घुसडू नये. तिने हातमोजा घातला आणि सांगितले की सवेलीच्या होडीला करवत लावायची नाही. त्याला कबर नाही, त्याची होडी तीच कबर. बर्फ वितळला की ती आख्खी आईच्या शेजारी पुरायची. "आईला बघू दे," म्हणाली. "आणि तुम्ही तुमच्या होडीत जा. सवेलीच्या होडीत तुम्हाला जागा नाही."

मी ते मान्य करतो. चौथ्या कलमातली माझ्या दफनाची सूचना रद्द. त्यातला बाकी मजकूर जसाच्या तसा राहील.

कार्यालयात परतल्यावर साक्षीदारांचा प्रश्न आला. लुकेर्या म्हणाली, ज्याला या कागदाने काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि नेस्तोरकाकांना तर मोटर मिळते आहे. नेस्तोर म्हणाला, "खोड माझं नाव. मोटर नको. जाळ्यांना भोकं आहेत. कुत्रा येतोच आहे चालत." तेव्हा मोटर व जाळी गावाला. सेरकोविषयी या कागदात काही म्हणणे नाही.

लुकेर्या दुसऱ्या साक्षीदारासाठी दुकानातून कोणाला तरी बोलवायला निघाली. अन्फिसा तिला म्हणाली, थांब.

"माझंही नाव खोड. मला काही नको. मी सही करते."

मी म्हणालो, निदान होडी नाही तर वाकस तरी घे. ते तुझ्या हाताला बसेल. ती म्हणाली, "एकतीस वर्षं हे गाव माझ्याविषयी ऐकत आलंय. आता कुणी विचारलं हे खरं का, तर खाली माझी सही दिसली पाहिजे. वाकसाचं मी काय करू?"

म्हणून तिसरे कलम पूर्ण रद्द. माझी होडी रीतीप्रमाणे कापावी व मला तिच्यात निजवावे. वाकस, गिरमिट व पटाश्या गावाच्या कोठारात राहतील, आणि ज्याला किंवा जिला आपली होडी करायची असेल त्याने वा तिने ती न्यावीत. अट एकच, खुंट्या ज्याच्या त्याने कापायच्या आणि ज्याच्या त्याने ठोकायच्या. पाचवे कलमही रद्द, कारण हा कागद येत्या रविवारी दुकानासमोर, मी जिवंत असताना, मी स्वतः वाचणार आहे. वारस म्हणून मी कोणाचेही नाव लावीत नाही. एक होती, तिने माझ्याकडून काही घेतले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून, पुन्हा वाचून, खाडाखोडीसह कबूल केला आहे.

ठिकाण: न्योख-पुगोल
दिनांक: ११ मार्च २००९

लिहून देणार: प्रोकोपी तिमोफेयेविच रिमिन (सही)

साक्षीदार पहिला: नेस्तोर कुपलान्देयेव (सही). लिहून देणाराशी नाते: शेजारी.

साक्षीदार दुसरी: अन्फिसा प्रोकोप्येव्ना (सही). लिहून देणाराशी नाते: सवेलीची बहीण.

दुरुस्तीचा दाखला: दुसऱ्या साक्षीदाराच्या नात्याच्या रकान्यात मी "मुलगी" असे टाइप केले होते. साक्षीदाराने तो शब्द स्वतःच्या हाताने खोडून वरीलप्रमाणे लिहिले. लिहून देणाराला विचारले असता त्यांनी हरकत नसल्याचे सांगितले. लुकेर्या, गाव कार्यालय.